डाव्या डोळ्याचा नेम

माझ्या पासष्टाव्या वाढदिवसाला मुलानं हातात एक पाकीट ठेवलं. आत साडीच्या दुकानाचं कूपन असेल, असं मला वाटलं होतं. निघालं ते बंदूक चालवायच्या एका तासाच्या शिकवणीचं. मुलगा इंग्लंडमध्ये, यॉर्कशायर परगण्यात नोकरीला आहे आणि आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. मी म्हटलं, ‘‘अरे, मी आयुष्यभर हातात खडू आणि कर्कटक धरलं. बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याची!’’ तो हसला. म्हणाला, ‘‘अगं आई, कुणाला मारायचं नाही. उडती चकती फोडायची. चल तर खरी.’’

या खेळाला तिकडे ‘क्ले शूटिंग’ म्हणतात. क्ले म्हणजे माती. पण आजच्या चकतीत माती नसतेच. चुनखडीची पूड आणि डांबरासारखा एक चिकट पदार्थ यांची ती बनवतात. व्यास सुमारे अकरा सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या जरा वर. दिसायला लहानशी बशी उपडी घातल्यासारखी, बहुधा नारिंगी रंगाची. एक यंत्र ती भिरकावतं आणि ती जमिनीवर पडायच्या आत आपण फोडायची. खेळ एवढाच.

मैदान गावाबाहेर होतं. भोवती दगडी बांध, पलीकडे मेंढ्या चरत होत्या. आवाजाची त्यांना इतकी सवय झालेली, की एकीनंही मान वर केली नाही. आधी एक कागद सही करायला दिला. पूर्वी तुरुंगवासाची शिक्षा झालेल्यांना तिथला कायदा बंदूक हाती धरू देत नाही, म्हणून तसं काही नसल्याचं लिहून द्यायचं होतं. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईनं ‘मी तुरुंगात गेलेले नाही’ अशी सही करायची! पण कारण समजलं तेव्हा पटलं. ब्रिटनच्या १९६८ च्या शस्त्र कायद्यानुसार, पोलिसांनी मान्यता दिलेल्या जागी आणि वेळी, अशा कृत्रिम लक्ष्यांवर परवाना नसलेल्या माणसालाही छऱ्यांची बंदूक चालवून पाहता येते. म्हणूनच माझ्यासारखी पाहुणी तिथे उभी राहू शकली.

आमचे प्रशिक्षक साठीच्या आसपासचे, लालबुंद गालांचे गृहस्थ होते. त्यांनी पहिली वीस मिनिटं काडतुसांची पेटी उघडलीच नाही. आधी बंदुकीची ओळख. एकीवर एक अशा दोन नळ्या, वजन साडेतीन किलोच्या आसपास. बिजागरीवर ती मधोमध मोडते, म्हणजे नळ्या खाली झुकतात आणि त्या रिकाम्या आहेत की भरलेल्या, हे आजूबाजूच्या प्रत्येकाला दुरूनच दिसतं. नेमाच्या जागेवर उभं राहीपर्यंत बंदूक अशीच मोडलेली ठेवायची, हा पहिला नियम. नळीचं तोंड कधीही माणसाकडे वळवायचं नाही, हा दुसरा. कानांवर आवाज रोखणारी कर्णटोपी आणि डोळ्यांवर चष्मा, हा तिसरा. फुटलेल्या चकतीचे तुकडे कुठेही उडतात.

मग त्यांनी एक गमतीची परीक्षा घेतली. ती तुम्हीही बसल्या जागी करून पाहा. दोन्ही हात समोर लांब करा, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये रुपयाएवढी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ पाहा. आता हात न हलवता एक डोळा मिटा, मग दुसरा. एका डोळ्याला घड्याळ दिसत राहील, दुसऱ्याला गायब होईल. ज्याला दिसत राहिलं तो तुमचा प्रबळ डोळा. दोन्ही डोळे उघडे असले तरी दिशा ठरवताना मेंदू जास्त ऐकतो तो याच डोळ्याचं. बहुतेकांचा हा डोळा उजवा असतो. हात उजवा म्हणजे डोळाही उजवाच, असं मात्र नाही. मी लिहिते उजव्या हातानं, पण माझा डोळा निघाला डावा!

हे कळणं इतकं महत्त्वाचं का? या बंदुकीला रायफलीसारखी नेम जुळवायची मागची खाच नसते. ती मागची खाच म्हणजे आपला डोळाच. बंदूक उजव्या खांद्याला आणि हुकूम डाव्या डोळ्याचा, असं झालं तर नळी लक्ष्याच्या डावीकडे रोखली जाते आणि माणसाला वाटत राहतं, मी तर बरोबर धरलं होतं. प्रशिक्षकांनी दोन मार्ग सांगितले. एक, डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून तो डोळा झाकायचा. दोन, बंदूकच डाव्या खांद्याला घ्यायची. ‘‘तुम्हाला कोणता बरा वाटतो?’’ त्यांनी विचारलं. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, ‘‘उजवा खांदा. डाव्यानं मी काहीच करत नाही.’’ मुलगा मागे उभा होता. तो काही बोलला नाही.

काचेवर चिकटपट्टी लागली. डावा पाय जरा पुढे, वजन त्याच्यावर. बंदुकीचा दस्ता आधी गालाला टेकवायचा, मग खांद्याच्या खोबणीत घट्ट. सैल धरली तर ती गुद्दा मारते, घट्ट धरली तर नुसता ढकलल्यासारखा धक्का बसतो. पहिली चकती समोरून सरळ दूर जाणारी, सावकाश. ‘‘पुल!’’ असं ओरडलं की ती सुटते. पुल म्हणजे ओढा.

ओढायचं काय, याची गोष्ट जरा कडू आहे. हा खेळ सुरू झाला तेव्हा चकतीच्या जागी जिवंत कबुतरं असत. त्यांना पेटीत कोंडायचे आणि दोरी ओढून झाकण उघडायचे. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरांवर नेमबाजीची स्पर्धा झाली होती. ब्रिटननं १९२१ साली कायद्यानं हा प्रकार बंद केला. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लोक पर्याय शोधू लागले होते. काही काळ हवेत काचेचे गोळे उडवले जात. मग अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोवस्की यांनी भाजलेल्या मातीची चकती काढली. मुलं पाण्यावर शिंपले भिरकावताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. आपल्याकडे मुलं नदीवर चपट्या खापऱ्यांनी भाकऱ्या काढतात, तसंच. कबुतरं वाचली, पण भाषा राहिली. इंग्रजीत चकतीला आजही ‘पक्षी’ म्हणतात आणि ती उडवणाऱ्या यंत्राला ‘ट्रॅप’, म्हणजे सापळा.

माझ्या पहिल्या तीन चकत्या आरामात जाऊन गवतात पडल्या. चौथी फुटली. एक काळा ढग आणि खाली पडणारे नारिंगी तुकडे! मी मैदानावर टाळ्या वाजवणार होते, पण हातात बंदूक होती. सरळ जाणाऱ्या दहांपैकी चार फुटल्या.

खरी परीक्षा पुढे होती. आता चकती डावीकडून उजवीकडे आडवी जाणार होती. इथे माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. चकतीचा वेग ताशी साठ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. अंतर पंचवीस मीटर. छरे सरासरी सेकंदाला साडेतीनशे मीटरनं गेले, तरी तिथे पोचायला त्यांना सेकंदाचा सुमारे चौदावा भाग लागतो. तेवढ्यात चकती सव्वा मीटर, म्हणजे चार फूट पुढे सरकलेली असते. म्हणजे चकतीवर नेम धरला तर ती हमखास वाचणार. नेम तिच्या चार फूट पुढे हवा. काडतुसात चारशेच्या घरात छरे असतात आणि ते परातीएवढे पसरतात, पण चार फुटांची चूक तेही भरून काढत नाहीत.

उदाहरण सुटलं. चकती मात्र एकही फुटेना. पाच गेल्या. प्रशिक्षक म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही मोजताय. मोजायला तुम्ही नळीकडे बघता, आणि नळीकडे बघितलं की हात थांबतो.’’ मग मला कोडं उलगडलं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. नळीचं टोक पाहिलं तर चकती अंधूक होते, हात अडखळतो आणि छरे मागून निघून जातात. सुटलेल्या एसटीच्या खिडकीतून कुणाला विसरलेला डबा द्यायचा असेल तर आपण काय करतो? त्या माणसाकडे बघत बसबरोबर धावतो, आणि डबा त्याच्या हातात गेल्यावरही दोन पावलं धावत राहतो. मध्येच थबकलं की डबा रस्त्यावर. इथेही तेच. नजर चकतीवर, नळी मागून येऊन तिला ओलांडून जाते, त्याच ओघात चाप ओढायचा आणि हात फिरता ठेवायचा. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, धनुष्यबाण नाही, ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली होती. ती एकाग्रतेची गोष्ट आहे असंच मी समजत होते. ती पाहण्याच्या तंत्राचीही आहे.

आपल्या महाराष्ट्राची नेमबाजी वेगळी. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे, ही सारी रायफलीची माणसं. श्वास आवरून पुतळ्यासारखं स्थिर व्हायचं आणि हलणाऱ्या मनाला थांबवायचं. चकतीच्या नेमबाजीत उलट, जो थांबला तो चुकला. याच प्रकारात बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं, आणि २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक रौप्यपदक आणलं. पॅरिसला २०२४ साली महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं कांस्यपदक हुकलं ते ४४ विरुद्ध ४३ असं, एका चकतीनं. शंभर ग्रॅमच्या त्या बशीचं मोल अशा वेळी कळतं.

पाच आडव्या चकत्या गेल्यावर प्रशिक्षक जरा थांबले. मी एक गोष्ट टिपली होती. ते चकतीकडे फारसं बघतच नव्हते. माझ्या खांद्यामागे उभं राहून ते माझा गाल, माझा हात, माझे पाय पाहत होते. म्हणाले, ‘‘एक डोळा झाकलाय, म्हणून चकतीचा वेग तुम्हाला नीट कळत नाही. दोन्ही डोळे उघडू. बंदूक डावीकडे घ्या. विचित्र वाटेल. पण तुमचा डोळा डावा आहे, त्याला मी बदलू शकत नाही. मी बंदूक बदलू शकतो.’’

हे वाक्य ऐकलं आणि मी मागे वळून मुलाकडे पाहिलं.

माझा मुलगा जन्मानं डावखुरा. पाटीवर तो डाव्या हातानं लिहायला लागला, तेव्हा मी पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायची. दिवसातून दहा वेळा. एकदा डाव्या हातावर पट्टीही मारली. पुढे त्रास होऊ नये, लोकांनी हसू नये, असंच मनात होतं. तेव्हा घरोघरी हेच चालायचं आणि शिक्षिकेच्या घरी तर जास्तच. तो उजव्या हातानं लिहायला शिकला, मीही ते सगळ्यांना अभिमानानं सांगितलं.

चिकटपट्टी निघाली. बंदूक डाव्या खांद्याला लागली तेव्हा सगळंच परकं वाटत होतं. डाव्या हातानं रांगोळी घालावी तसं. पहिल्या तीन चकत्या गेल्या. चौथ्या वेळी मी मोजणं सोडलं, नुसतं पाहिलं. चकती फुटली. मग आणखी एक. उरलेल्या दहांत मी पाच फोडल्या, आणि त्या सगळ्या आडव्या जाणाऱ्या.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी विचारलं, ‘‘तेव्हा फार लागली होती का रे, पट्टी?’’

रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, ‘‘पट्टीचं काही नाही गं आई. डाव्या हातानं काढलेला ‘ग’ मला छान जमायचा. तो तू पुसून टाकायचीस, त्याचं वाईट वाटायचं.’’

मी ‘चुकलं माझं’ म्हटलं. मुलाला असं म्हणायची सवय आपल्या पिढीला नाही, त्यामुळे तेही बंदूक डाव्या खांद्याला घेण्यासारखंच अवघड गेलं. त्या रात्री त्यानं आमच्यासमोर डाव्या हातानं कांदा चिरला. तो नेहमीच तसा चिरत होता, मी पाहिलं त्या दिवशी.

मैदानावरून दिलेलं गुणपत्रक मी इकडे घेऊन आले आहे. पंचवीसपैकी नऊ, आणि सोळा शून्यं. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत शून्यं मांडली. ही माझी सोळा मी कपाटात जपून ठेवली आहेत.