वाहनावरील चिन्ह आणि क्रमांक

सुरत जिल्ह्यातील कामरेज येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्रातील वाहनेही नित्य दिसतात. वाहनावरील कारखान्याचे बोधचिन्ह तिरपे बसले अथवा रंगाची छटा जुळली नाही, तर तो केवळ दिसण्याचा दोष होय. क्रमांकपट्टीची गोष्ट निराळी. हौसेला मोल नसते हे खरे. तथापि ४१४१ हे आकडे ‘दादा’ असे वाचता यावेत म्हणून वळविणे नियमबाह्य आहे. अपघात करून पळालेल्या वाहनाचा शोध बहुधा क्रमांकावरूनच लागतो. यास्तव १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी आवश्यक करण्यात आली. तीवर अशोकचक्राचे होलोग्राम व लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. तिची खीळ तोडल्याविना पट्टी निघत नाही.