उवा जातात, पण परत का येतात?

औषध लावलं, डोकं धुतलं, मेलेल्या उवा निघाल्या, सगळं निवांत. पंधरवड्यात मुलगी पुन्हा कानामागे खाजवायला लागते. मग दोष औषधाला, शाळेला, बाकावरच्या मैत्रिणीला. खरं कारण बहुधा तिच्याच केसांत असतं: आपण मागे ठेवलेल्या लिखा.

उवेची मादी रोज सहा ते दहा अंडी घालते आणि प्रत्येक अंडं केसाच्या मुळाशी घट्ट चिकटवते. सात ते दहा दिवसांत ते फुटतं आणि त्यानंतर साधारण दहा दिवसांत पिल्लू स्वतः अंडी घालायच्या वयाचं होतं. दुकानात सहज मिळणारं १ टक्का परमेथ्रिन उवा मारतं, लिखा मात्र बऱ्याचशा तशाच राहतात. म्हणून पहिल्यांदा लावल्यानंतर नवव्या-दहाव्या दिवशी ते पुन्हा लावायचंच, डोक्यात एकही ऊ दिसत नसली तरी. नेमकं इथेच घराघरांत चुकतं. तेलकट केसांवर औषध नीट बसत नाही, हीदेखील लक्षात ठेवायची गोष्ट. आधी साध्या शाम्पूने केस धुवा, टिपून घ्या, दमट केसांवर औषध लावून दहा मिनिटांनी धुवून टाका. दोन वेळा नीट लावूनही जिवंत उवा दिसल्या, तर त्या औषधाला दाद देत नाहीत असं समजा आणि डॉक्टरांना विचारा. तेच औषध तिसऱ्यांदा, चौथ्यांदा थापू नका.

माझा खरा भरवसा फणीवर आहे. साधा कंगवा नव्हे, बारीक दातांची धातूची फणी. जे दिवस औषधाचे नाहीत, त्या दिवशी केसांना भरपूर खोबरेल लावा. उवांची हालचाल मंदावते. मुलीला उजेडात बसवा, खांद्यावर पांढरं फडकं टाका, केसांचे भाग पाडा आणि फणी मुळाला टेकवून टोकापर्यंत ओढा. प्रत्येक वेळी फडक्यावर पुसून बघा. मानेवर आणि कानामागे जास्त वेळ द्या. कोंडा फुंकरीने उडतो, लीख चिमटीत धरून ओढली तरी सरकत नाही. दर दोन-तीन दिवसांनी, दोन ते तीन आठवडे हे करायचं. काम कंटाळवाणं आहे, पण चिवट उवांवर माझा भरवसा यावरच.

सीताफळाच्या बियांची पूड मात्र लावू नका. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, असह्य वेदना होतात. रॉकेल आणि शेतातली फवारणीची औषधं तर जिवावर बेततात. कापराचं तेलही लहान मुलांपासून दूरच ठेवा. पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.

घरभर फवारणीचीही गरज नाही. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल, रिबिनी गरम पाण्यात धुतल्या की पुरे. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. स्वच्छ केसांतही ती तितकीच सुखाने राहते, म्हणून मुलीला घाणेरडी म्हणू नका, लांब केस रागाने कापू नका, शाळाही बुडवू नका. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा. आणि संकोच सोडून तिच्या मैत्रिणींच्या आयांना आजच फोन करा; त्यांनाही फणी हातात घ्यायला सांगा.