विमानाच्या इंजिनात मोटारीचा स्पार्क प्लग

अमेरिकेत स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारी माणसे आहेत आणि ती थोडीथोडकी नाहीत. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा विरंगुळा म्हणून स्वतः बांधला असेल, तर त्या विमानाला तिथे ‘प्रायोगिक’ वर्गात उडण्याची परवानगी मिळू शकते. १९५३ साली मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची संघटना स्थापन केली. १९७० पासून विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश या गावी तिचा उन्हाळी मेळावा भरत आला आहे. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले.

या मंडळींच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. विमानाच्या इंजिनाचा खास स्पार्क प्लग मोटारीच्या प्लगच्या कित्येक पट महाग असतो आणि चार सिलिंडरच्या इंजिनाला असे आठ प्लग लागतात. मग मोटारीचेच प्लग बसवले तर काय बिघडेल? प्रश्न काटकसरीचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधताना फॅरडेचे प्रवर्तन, पाशेनचा नियम, ज्योतीचा वेग, विद्युतचुंबकीय लहरी आणि शिशाचे रसायन अशी पाठ्यपुस्तकातली बरीच प्रकरणे एका जागी भेटतात. शिवाय हवेत इंजिन बंद पडले तर गाडीसारखे रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही. तेव्हा उत्तर चुकून चालत नाही.

एका सिलिंडरला दोन प्लग कशाला?

छोट्या विमानांत वर्षानुवर्षे वापरले जाणारे लायकॉमिंग ओ-३६० हे इंजिन घेऊ. चार सिलिंडर, हवेने थंड होणारे, मिनिटाला २७०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्ती देणारे. याच्या चार सिलिंडरांचे मिळून आकारमान सुमारे ५.९ लिटर, म्हणजे एकेक सिलिंडर जवळजवळ दीड लिटरचा. १९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८०० या गाडीचे तीन सिलिंडरांचे अख्खे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे होते. म्हणजे तशी दोन इंजिने या विमानाच्या एका सिलिंडरात जवळपास मावतील!

या सिलिंडराचा व्यास १३० मिलिमीटर आहे. पेट्रोल-हवेचे मिश्रण सगळे एकदम पेटत नाही. ठिणगी पडते तिथे इवलीशी ज्योत जन्मते आणि ती पसरत पसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत जाते. एवढे मोठे अंतर एका टोकाकडून कापण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन ज्योतींनी कापावे हे बरे. दुसरे कारण अर्थातच सुरक्षेचे. अमेरिकी नियमांनुसार प्रमाणित विमान-इंजिनात प्रत्येक सिलिंडरला किमान दोन प्लग असावे लागतात आणि त्यांची मंडलेच नव्हे, तर विजेचे उगमही वेगवेगळे असावे लागतात. नाहीतर तितकीच विश्वासार्ह अशी दुसरी व्यवस्था हवी. ‘उगम वेगवेगळे’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

हा उगम म्हणजे मॅग्नेटो. कायम चुंबक इंजिनाबरोबर फिरतो, प्राथमिक वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो, नेमक्या क्षणी संपर्कबिंदू उघडून तो प्रवाह तोडला जातो आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट प्रवर्तित होतात. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ च्या सुमारास उच्च विभवांतराचा मॅग्नेटो व्यवहारात आणला. (राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनात स्पार्क प्लग नव्हताच! सिलिंडराच्या आत दोन संपर्कबिंदू एकमेकांपासून दूर सरत आणि त्यांच्यात ठिणगी पडे.) मॅग्नेटोचा मोठा गुण असा, की त्याला बॅटरी लागत नाही. विमानातली सारी वीज गेली तरी प्रोपेलर फिरतो आहे तोवर ठिणगी पडत राहते. शंभर वर्षांहून जुने हे यंत्र अजून टिकून आहे ते काही वैमानिकांच्या जुनाटपणामुळे नव्हे.

त्याचा दोषही फॅरडेच्याच नियमात आहे. प्रवर्तित विभवांतर चुंबकीय प्रवाहाच्या बदलाच्या दरावर अवलंबून असते. इंजिन सुरू करताना फेऱ्या मंद, म्हणून ठिणगी दुबळी. यावर उपाय म्हणून मॅग्नेटोच्या दांड्यावर एक स्प्रिंग बसवतात. ती आधी गुंडाळली जाते आणि मग चुंबकाला एकदम झटका देते. सुरू होताना या विमानांतून जो ‘खट् खट्’ आवाज येतो तो या स्प्रिंगचा.

फट किती ठेवावी?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. विमानाच्या प्लगमधली फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाबरोबर वापरलेल्या मोटारीच्या प्लगची फट ०.७५ ते ०.९ मिलिमीटर ठेवतात. हा फरक किरकोळ नाही.

फट मोठी का हवी? नुकतीच जन्मलेली ज्योत ही ओल्या लाकडांवर टेकवलेल्या काडीसारखी असते. भोवतालची धातूची टोके तिची उष्णता शोषून घेतात. टोके जितकी जवळ, तितकी ज्योत विझण्याची भीती जास्त. इंधनाचे प्रमाण कमी केलेले विरळ मिश्रण पेटवायचे तर फट मोठी असलेली बरी.

मग मॅग्नेटोच्या प्लगलाच मोठी फट का देत नाहीत? इथे पाशेन यांचा १८८९ चा नियम उपयोगी पडतो. वायूतून ठिणगी उडण्यास लागणारे विभवांतर हे वायूची घनता आणि फट यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. नेहमीच्या हवेत मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट हा आकडा आपण वापरतो. ओ-३६० च्या एका प्रचलित प्रकारात दाबाचे गुणोत्तर ८.५ आहे. पण ठिणगी पडते ती दट्ट्या वर पोहोचण्याच्या २५ अंश आधी. तेव्हा मिश्रण पुरते दाबले गेलेले नसते. भूमितीने हिशेब केला तर त्या क्षणी घनता सुमारे सहापट होते. म्हणजे ०.४५ मिलिमीटर फटीला ६ × ३००० × ०.४५, साधारण ८००० व्होल्ट लागतील आणि ०.८ मिलिमीटरला १४,००० च्या वर. हा ढोबळ हिशेब आहे, इतक्या लहान फटींना प्रत्यक्षात थोडे जास्तच लागते, पण प्रमाण कळायला पुरेसा आहे.

हे जादा विभवांतर मॅग्नेटोच्या अंतर्भागालाही सोसावे लागते. त्यात हवा असते, आणि उंचावर ती विरळ होते. तोच पाशेनचा नियम आता उलटा अंगावर येतो: सिलिंडरातल्या दाट वायूतून ठिणगी पडण्याऐवजी मॅग्नेटोतल्या विरळ हवेतूनच ती भलतीकडे उडी मारते. उंचावर उडणाऱ्या टर्बोचार्जरच्या विमानांत म्हणूनच मॅग्नेटोमध्ये दाबाखाली हवा भरतात. तात्पर्य, नुसता प्लग बदलून भागत नाही. मोठ्या फटीचा प्लग हवा तर त्यामागे तेवढ्या ताकदीचे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन हवे.

अशा प्रज्वलनाच्या एका प्रकारात संधारित्र काहीशे व्होल्टपर्यंत भारित करून ते कॉइलमध्ये एकदम रिकामे करतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचीच युक्ती. १ मायक्रोफॅरड संधारित्र ४०० व्होल्टला भारित असेल तर त्यातली ऊर्जा ½CV², म्हणजे ०.०८ जूल. इंजिन मंद फिरो वा जलद, ती तेवढीच राहते. विद्यार्थ्यांना फळ्यावर सोडवायला हे उदाहरण चांगले आहे.

प्लगची ऊब आणि रेडिओची खरखर

विमानाच्या प्लगचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे, मोटारीच्या नेहमीच्या प्लगचे १४. त्यामुळे मध्ये धातूचे जोडनळकांडे बसवावे लागते. हे दिसते साधे, पण प्लगच्या टोकाची उष्णता आट्यांवाटेच सिलिंडरच्या डोक्यात जाते आणि त्या वाटेत आपण एक सांधा वाढवलेला असतो. प्लगचे टोक ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काजळी जळून जात नाही. ८५० च्या बरेच वर गेले तर ठिणगीची वाट न पाहता तेच मिश्रण पेटवते. या दोहोंमध्ये त्याला ठेवण्यासाठी ‘गरम’ आणि ‘थंड’ प्लग मिळतात. इथे विद्यार्थ्यांचा (आणि अनेक मेकॅनिकांचा) गोंधळ होतो. गरम प्लगची ठिणगी अधिक गरम नसते. त्याच्या चिनीमातीच्या नाकाचा उष्णता वाहून नेण्याचा मार्ग लांब असतो, इतकेच.

पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत प्लगभोवतीचा धातू बराच थंड असतो. हवेने थंड होणाऱ्या विमानात तो २०० अंशांच्या आसपास असतो. शिवाय मोटार पूर्ण ताकदीवर क्वचित चालते, विमान तासन् तास पाऊणएक ताकदीवर चालते. म्हणून दुकानात मोटारीसाठी मागू तोच प्लग विमानाला घालणे धोक्याचे. त्यापेक्षा थंड जातीचा निवडावा लागतो. आणि कुठलाही प्लग हातातून फरशीवर पडला की तो फेकून द्यावा, मग तो महागाचा असो की स्वस्ताचा. आतल्या चिनीमातीची बारीक चीर डोळ्याला दिसत नाही.

विमानाचा प्लग आणि त्याची तार पूर्णपणे धातूच्या आवरणात असतात, मोटारीची नसते. ठिणगी म्हणजे हर्ट्झ यांनी १८८७ साली वापरलेला प्रक्षेपकच. जुन्या स्कूटरशेजारी मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर लावला की खरखर ऐकू येते. गॅस पेटवायच्या लायटरनेही वर्गात हा प्रयोग करता येतो. वैमानिकाच्या कानात हीच खरखर आली तर नियंत्रण कक्षाचे शब्द बुडतील. यासाठी काही हजार ओहमचा रोध आतच बसवलेले प्लग वापरतात. तो तारेतील प्रवाहाची जलद आंदोलने शमवतो.

शिशाचा प्रश्न मात्र दोन्ही प्लगना सारखाच छळतो. भारतात मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. पण छोट्या विमानांच्या १०० ऑक्टेन पेट्रोलमध्ये अजूनही लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास शिसे असते. अमेरिकेने ते २०३० अखेर संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पेट्रोलमधल्या ब्रोमीनच्या संयुगामुळे जळलेले शिसे ब्रोमाइड होऊन धुराबरोबर निघून जावे अशी योजना असते, पण प्लगचे टोक पुरेसे तापले नाही तर शिशाचे मणी तिथेच साचतात आणि फट बुजवतात. विमानाचा प्लग साफ करून पुन्हा वापरतात. मोटारीचा स्वस्त असल्याने बदलून टाकतात. खरी बचत इथे होते. (वर्गात दाखवायला असा वापरलेला प्लग आणलात तर मुलांना तो खरवडू देऊ नका.)

ठिणगी केव्हा पाडावी?

हौशी लोक प्लगच्या किमतीबद्दल बोलतात, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा लाभ वेळेचा आहे. २७०० फेऱ्यांना इंजिन सेकंदाला १६,२०० अंश फिरते, म्हणजे २५ अंशांना जेमतेम दीड मिलिसेकंद. उड्डाणाच्या वेळी दाट मिश्रणाला एवढा वेळ पुरतो. पण २४०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट उरतो. तिथे मिश्रण विरळ, ज्योत सावकाश, तरी मॅग्नेटो आपला २५ अंशांवरच अडून बसलेला. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन नळीतला दाब मोजून ठिणगी ३५ अंशांच्या आसपास, कधी त्याहून आधी पाडते. इंधन वाचते ते या वेळी. पूर्ण ताकदीच्या उड्डाणात फारसा फरक पडू नये, कारण तिथे दोघांचाही कोन सारखाच असतो. ठिणगी गरजेपेक्षा आधी पाडली तर दट्ट्या अजून वर येत असतानाच दाब चढतो, सिलिंडरचे डोके तापते आणि स्फोटक ज्वलनाने इंजिन फुटू शकते. त्यामुळे कोन किती वाढवायचा हा उत्साहाचा विषय नव्हे.

आता ते ‘वेगवेगळे उगम’. दोन्ही मॅग्नेटो काढून दोन इलेक्ट्रॉनिक संच बसवले आणि दोघांनाही एकाच बॅटरीवर जोडले, तर प्लग आठ असूनही उगम एकच उरतो. एक सैल तार, आणि आठही प्लग एकदम मुके. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीच्या ९१२ या इंजिनात हे फार चांगले सोडवले आहे. त्यात मोटारीच्या जातीचे १२ मिलिमीटरचे प्लग आणि दोन इलेक्ट्रॉनिक संच आहेत. पण प्रत्येक संचाला इंजिनाबरोबर चालणाऱ्या जनित्रातले स्वतःचे वेटोळे आहे, बॅटरीशी संबंध नाही. लायकॉमिंगवाले काही जण दुसरी बॅटरी ठेवतात, तर बरेच जण एका बाजूचा मॅग्नेटो त्याच्या विमानी प्लगांसह तसाच ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक संच व मोटारीचे प्लग लावतात.

अशा मिश्र इंजिनाची उड्डाणापूर्वीची चाचणी पाहण्यासारखी असते. वैमानिक इंजिन सतराशे-अठराशे फेऱ्यांवर ठेवून एकेक बाजू बंद करून पाहतो. मॅग्नेटो बंद केला तर काटा जेमतेम हलतो. इलेक्ट्रॉनिक बाजू बंद केली की फेऱ्या ठळकपणे घसरतात. नव्याने बांधलेल्याला वाटते मॅग्नेटो बिघडला. तो ठीक असतो. त्या कमी ताकदीला ज्योत लवकर पेटायला हवी असते, आणि मॅग्नेटोची ठिणगी पडते तोवर दुसऱ्या बाजूची ज्योत अर्धी वाट चालून आलेली असते.