साडेसोळा इंचांत एक वळसा

पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, ४५१.४ गुणांनी. सगळ्यांनी त्याच्या संयमाचं कौतुक केलं. ते योग्यच, पण त्या निशाण्यावरचं दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथवर गोळी सरळ नेणारी नळी आतून कशी असते, हे मला बघायचं होतं. म्हणून पुण्यातल्या एका आर्मररकाकांच्या खोलीत जाऊन बसलो.

काका कमी बोलतात. बोल्ट काढून त्यांनी नळी उजेडाकडे धरली. आत आटे वळत गेलेले दिसले. किती वळलेत, ते मात्र डोळ्यांना कळत नाही. मग त्यांनी क्लीनिंग रॉडला घट्ट चिंधी लावून तो आत ढकलला. रॉडची मूठ बेअरिंगवर असते, त्यामुळे चिंधी आट्यांत बसली की रॉड आपोआप फिरतो. रॉडवर मार्करची खूण होती. ती पूर्ण फिरून पुन्हा वर आली, तशी काकांनी पट्टी लावली. ‘साडेसोळा इंच.’

शेजारी एका नेमबाज मुलाचे वडील बसले होते. हजार यार्डांवर मारणारे आठ इंचांत एक वळसा घेतात, मग आपणही जास्त पिळाची नळी का घेऊ नये, असा त्यांचा सवाल.

‘आधी गोळी बघा,’ काका म्हणाले.

हजार यार्डांची साडेसहा मिलिमीटरची गोळी लांबट, टोकदार. लांब गोळीला हवेत कोलमडायची ओढ जास्त, म्हणून तिला जोरात फिरवावं लागतं. इथं खरा हिशेब वजनाचा नाही, जाडीच्या मानानं लांबीचा. वुलिचच्या ग्रीनहिलनं १८७९ मध्येच त्याचं सूत्र मांडलं. पन्नास मीटरची पॉइंट टू टूची गोळी म्हणजे अडीच ग्रॅमांच्या आसपासचा शिशाचा बुटका ठोकळा, वेग आवाजाहून थोडा कमी. साडेसोळा इंचांच्या वळशानंही ती पन्नास मीटरांत सुमारे १२० गिरक्या घेते. गरजेपेक्षा जास्त फिरवली, तर गोळीतला बारीकसा असमतोलही निशाण्यावर वाढून दिसतो.

मला विचाराल, तर वळशावरची ही चर्चा फुकटची चैन आहे. खरा खर्च पुढे. संध्याकाळी रेंजवर तीच रायफल शिकंज्यात आवळली आणि एकाच कंपनीच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट मारले. एका लॉटची भोकं एकात एक गेली, दुसऱ्याची इकडेतिकडे पांगली. नळी तीच, वळसा तोच, साडेसोळा इंच. ज्यांना परवडतं ते बर्मिंगहॅमला एली कंपनीकडे किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या केंद्रात रायफल नेऊन लॉट निवडतात. बाकीची पोरं मिळेल त्या खोक्यावर राज्य स्पर्धा खेळतात आणि गुण गेले की स्वतःच्या श्वासाला दोष देतात.

वडिलांनी जाताना पुन्हा विचारलं, ‘मग बारा इंचांची नळी मिळेल का?’

काकांनी पांगलेल्या लॉटचं खोकं बाजूला सारलं, चांगल्या लॉटचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला. ‘याची किती खोकी शिल्लक आहेत, ते क्लबात विचारा. आजच विचारा.’