बदलाची सनद



गेल्या वार्षिक सभेत "काहीतरी करायला हवं" हे वाक्य मी निदान सात वेळा ऐकलं. गणपतीला चारशे पानं उठतात, पण शेवटी खुर्च्या उचलायला उरतात ती तीच आठ माणसं, याबद्दल सर्वांचं एकमत होतं. एरवी आपल्याकडे इतकं एकमत फक्त चहा गार झाल्याबद्दल होतं. मग रीतीप्रमाणे एक समिती नेमली गेली आणि "तुम्ही ऑफिसात असलंच काहीतरी करता ना?" असं म्हणत तिचं निमंत्रकपद माझ्या गळ्यात घातलं गेलं.

आता कबूल करायला हरकत नाही, की ऑफिसात मी असलंच काहीतरी एकदा केलं होतं आणि ते सपशेल फसलं होतं. येत्या सभेत तुमच्यासमोर एक पानी कागद येणार आहे, तो त्या फसगतीतूनच जन्माला आला आहे. म्हणून आधी ती हकिगत.

चार्टर म्हणजे सनद

ऑफिसच्या भाषेत अशा कागदाला 'प्रोजेक्ट चार्टर' म्हणतात. आपल्याकडे त्याला छान शब्द आहे: सनद. शाळेत आपण १८३३ चा सनदी कायदा पाठ केला, आणि चार्टर्ड अकाउंटंटला आजही 'सनदी लेखापाल' म्हणतात. सनद म्हणजे अधिकारपत्र. अधिकार कोणी दिला, कोणाला दिला, कशाचा दिला आणि कोणत्या अटींवर, हे त्यात लिहिलेलं असतं आणि देणाऱ्याचा शिक्का असतो. प्रोजेक्ट चार्टरचंही तेच. ज्याच्या हाती माणसं आणि पैसा आहे तो, म्हणजे प्रायोजक, त्यावर सही करतो आणि प्रकल्पप्रमुखाला ती वापरण्याचा अधिकार देतो. कोणत्या आठवड्यात काय करायचं, हा आराखडा नंतरचा. पुष्कळजण आराखड्यालाच चार्टर समजतात. मीही समजत होतो.

वेळेवर पुरा झालेला, तरी फसलेला प्रकल्प

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिने एक छोटी कंपनी विकत घेतली. दोन्हीकडचे प्रोग्रॅमर एका छताखाली आले, पण एकत्र काही आले नाहीत. प्रत्येक रिलीज लांबायचा, आणि लांबला की दोन्ही गट एकमेकांकडे बोट दाखवायचे. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, "या लोकांना एकत्र काम करायला लाव." मी इंजिनिअर. पीएचडीची पाच वर्षं समीकरणं सोडवण्यात घालवलेला. एका दुपारी चार्टर लिहून टाकला. अडचण: दोन गट वेगवेगळी टूल्स वापरतात. उद्दिष्ट: डिसेंबरपर्यंत सगळे एकच टूल वापरतील.

डिसेंबरपर्यंत सगळे एकच टूल वापरू लागले. केकसुद्धा कापला. मार्चचा रिलीज पुन्हा लांबला, भांडणं आता एकाच टूलमधून होऊ लागली, आणि उन्हाळ्यापर्यंत सहा चांगली माणसं सोडून गेली. त्यांतला एक माझा मित्र होता. जाताना म्हणाला, "टूल कोणतं हवं ते तू आम्हाला विचारलंस. त्रास कशाचा होतो ते कुणीच विचारलं नाही."

नंतर कंपनीने बाहेरच्या एक सल्लागार बाई बोलावल्या. साठीच्या, बोलायला अगदी शांत. त्यांनी माझा चार्टर वाचला आणि तीनच प्रश्न विचारले. हा बदल नेमका कोणाला हवा आहे? अडचण हीच आहे हे कशावरून कळलं? आणि ज्याला बदल हवा आहे तो स्वतः काय बदलणार आहे? तिन्हींची उत्तरं माझ्याजवळ नव्हती.

माणसांचा प्रकल्प निराळा का?

१९६९ सालचा एक योगायोग मला मौजेचा वाटतो. त्या वर्षी अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि त्याच वर्षी रिचर्ड बेकहार्ड यांचं संघटना-विकासावरचं छोटेखानी पुस्तक आलं. बेकहार्ड यांच्या व्याख्येचा मथितार्थ असा: हे काम योजनापूर्वक असावं, सबंध संस्थेचं असावं, वरपासून चालवलेलं असावं आणि त्याने संस्थेची कार्यक्षमता व प्रकृती दोन्ही सुधाराव्यात. यातला 'प्रकृती' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर तपासल्याशिवाय औषध लिहून देत नाहीत. माझ्या चार्टरमध्ये अडचणीच्या रकान्यातच औषध लिहिलेलं होतं.

त्याच्याही आधी कुर्ट लेविन यांनी हा विषय मांडला होता. नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले हे मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं, की कोणतीही संस्था एका जागी टिकून असते ती दोन बाजूंच्या जोरांमुळे: बदलाकडे ढकलणारे आणि बदलाला अडवणारे. आपण ढकलणारा जोर वाढवतो, त्याने ताण वाढतो. अडवणारा जोर हलका केला तर तीच गोष्ट कमी ताणात सरकते. इंजिनिअरला हे लगेच पटायला हवं होतं! पण अडवणारे जोर कोणते हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि मी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडचं एक उदाहरण आहे. १९७० च्या दशकाच्या मध्याला मुंबईच्या लार्सन अँड टूब्रो कंपनीने अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना बोलावलं. प्रश्न होता कर्मचाऱ्यांच्या कामाच्या मूल्यमापनाचा. त्यांनी माणसांशी बोलून अभ्यास केला आणि नुसता मूल्यमापनाचा फॉर्म सुधारून भागणार नाही, असं सांगितलं. त्यातून मनुष्यबळ विकासाची सबंध पद्धत आणि त्यासाठी वेगळा विभाग उभा राहिला. पहिल्यांदा विचारलेला प्रश्न अनेकदा खऱ्या प्रश्नाचं फक्त दार असतो.

सनदेत काय असावं?

बाईंनी माझ्याकडून दुसरा चार्टर लिहून घेतला. तो दोन टप्प्यांचा होता. पहिल्या सहीने फक्त विचारपूस करण्याचा अधिकार. जे कळेल ते पाहून मग दुसरी सही. त्यातली कलमं मी आजही वापरतो.

पहिलं, अडचण. ती दिसते तशी लिहायची, उपाय न घुसवता. "टूल वेगळं आहे" हे निदान झालं. "गेले चार रिलीज लांबले" ही अडचण.

दुसरं, खूण. बदल झाला हे परक्या माणसालाही कशावरून दिसेल?

तिसरं, हद्द. कशाला हात लावायचा नाही हे स्पष्ट लिहायचं. ज्याला हात लागणार नाही असं लेखी कळतं तो माणूस निम्मा निर्धास्त होतो.

चौथं, गुप्तता. लोक जे सांगतील ते नावानिशी वर जाणार नाही. मात्र एकूण निष्कर्ष सांगणाऱ्यांनाही दाखवले जातील.

पाचवं, प्रायोजकाचं स्वतःचं कलम. तो काय सोडणार, काय निराळं करणार. आमच्या वरिष्ठांनी लिहिलं, की ते यापुढे दोन्ही गटप्रमुखांना वेगवेगळं भेटणार नाहीत. ही एक ओळ लिहायला त्यांना दोन आठवडे लागले. खरा फरक तिथूनच पडू लागला.

आणि सहावं, मुदत. कधी थांबून पाहायचं, आणि जमलं नाही तर कधी सोडून द्यायचं.

आता आपल्या मंडळाबद्दल

सभेत बहुतेकांचं निदान तयार होतं: तरुण कुटुंबांना मराठी कार्यक्रमांत रस नाही, तेव्हा एखादी झकास बॉलिवूड नाइट ठेवा. या वेळी मी आधी विचारायचं ठरवलं. समितीने बारा कुटुंबांशी बोलून घेतलं. आयटीत काम करणाऱ्या, तीन वर्षांपूर्वी इकडे आलेल्या एक बाई म्हणाल्या, "काका, आम्ही दोन वर्षं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून 'काही मदत करू का?' विचारलं. प्रत्येक वेळी 'नको, तुम्ही बसा, एन्जॉय करा' असंच ऐकलं. मग आम्ही बसायला शिकलो." थोड्याफार फरकाने हेच आम्हाला पाच घरांत ऐकायला मिळालं.

म्हणजे आपल्या गाडीला अडवणारा जोर नव्या माणसांच्या अनास्थेत नाही, आपल्या आपुलकीत आहे. मसालेभात किती लागतो, हॉलची किल्ली कोणाकडे, गुरुजींना कधी फोन करायचा, हे सगळं तीन-चार डोक्यांत आहे, आणि ती डोकी कुणाला त्रास द्यायला नको म्हणून एकटीच राबतात. मग दमतात, आणि सभेत "कुणी पुढे येत नाही" म्हणतात.

आपल्या सनदेचा मसुदा त्यामुळे लहानच आहे. अडचण: तीच आठ माणसं. खूण: पुढच्या वर्षीच्या गणपतीत प्रत्येक कामाच्या यादीत पहिल्यांदाच ते काम करणारं एक नाव असावं. हद्द: पूजा, आरती, जेवणाचा बेत यांना हात लावायचा नाही. मुदत: एक वर्ष. अध्यक्षांचं कलम: हिशेबाची वही आणि कामांच्या याद्या सर्व सभासदांना खुल्या. ते कलम त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

निमंत्रकाचंही एक कलम आहे. गेली नऊ वर्षं मंडळाची साउंड सिस्टिम माझ्या ताब्यात आहे. मिक्सरला मी कुणालाही हात लावू दिलेला नाही. मागे एका मुलाने विचारलं तेव्हा मीही "तू बस, एन्जॉय कर" असंच म्हणालो होतो. तो मुलगा आता कार्यक्रमांना येत नाही. तेव्हा मी लिहून दिलं आहे: दिवाळीपर्यंत दोघांना शिकवीन, आणि मग माइक कितीही कुंईं करू लागला तरी खुर्चीवरून उठणार नाही.

हे मला जमेल असं घरी कुणालाच वाटत नाही. म्हणूनच सही केली आहे.

सभेला येताना पेन घेऊन या. जे पटत नसेल ते खोडा, आणि खाली जागा सोडली आहे तिथे आपलं कलम लिहा.