कागदावर असेच आहे!

शाळांची संमेलने असोत, वाचनालयांचे वर्धापनदिन असोत वा मुक्तिदिनाचा सोहळा असो, प्रश्नमंजूषेवाचून आता कोणताही कार्यक्रम पुरा होत नाही. त्यानिमित्ताने मुले चार पुस्तके चाळतात, म्हणून या स्पर्धांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु अलीकडे अशाच एका आंतरशालेय स्पर्धेला उपस्थित राहण्याचा योग आला आणि तेथे जे घडले त्याने आम्ही अस्वस्थ झालो.

प्रश्न होता, 'गोवा राज्याचे पहिले मुख्यमंत्री कोण?' एका चुणचुणीत मुलीने तत्काळ उत्तर दिले, 'प्रतापसिंह राणे.' प्रश्नकर्त्याने हातातील कागद पाहिला आणि 'चूक. दयानंद बांदोडकर' असे जाहीर केले. सभागृहात हशा पिकला. मुलगी मान खाली घालून बसली. वस्तुतः १९६३ साली भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले ते गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाचे. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ रोजी आणि त्या वेळी मुख्यमंत्रिपदावर राणे होते. प्रश्नात 'राज्य' हा शब्द स्पष्ट असल्यामुळे मुलीचेच उत्तर बरोबर होते. असे म्हटल्याने भाऊसाहेबांच्या थोरवीला तिळमात्र बाध येत नाही. एका शिक्षकांनी ही गोष्ट निदर्शनास आणताच त्यांना ऐकावे लागले, 'कागदावर असेच आहे!'

रोगाचे मूळ या तीन शब्दांत आहे. हा कागद बहुधा दुसऱ्या कागदावरून आणि तो तिसऱ्यावरून उतरवलेला असतो. मूळ आधार कोणी पाहिलेलाच नसतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? शिवाय उत्तरांनाही वय असते. गोव्याचे तालुके अकरा, हे उत्तर २०११ साली धारबांदोडा तालुका झाल्यावर शिळे झाले. देशातील अभिजात भाषा सहा, हे उत्तर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसह पाच भाषांना तो दर्जा मिळाल्यावर कालबाह्य ठरले. जुन्या याद्यांतून मात्र ही उत्तरे अजून सुखेनैव नांदत आहेत.

एका गुणाने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी आणखी एक नेहमीचा प्रश्न घेऊ. 'संपूर्ण गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता किती वर्षे होती?' ठरलेले उत्तर, ४५१ वर्षे. पोर्तुगिजांनी १५१० साली घेतली ती तिसवाडी. बारदेश व सासष्टी त्यांच्याकडे गेली १५४३ साली. आणि फोंडा, सत्तरी, पेडणे हे महाल त्यांच्या ताब्यात कायमचे आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेण्यात आली, कारण फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीच्या अमलाखाली होता. संपूर्ण गोव्यावर ४५१ वर्षे एकच सत्ता होती असे पाठ केलेल्या मुलाला आपली दैवते फोंड्यालाच का गेली, याचा उलगडा कधीच व्हायचा नाही. चुकीचे उत्तर असे आपल्या घरचा इतिहासच पुसून टाकते.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रत्येक उत्तर किमान दोन स्वतंत्र आणि विश्वसनीय आधारांवर पडताळावे. एकाने दुसऱ्यावरून उतरवलेले असेल तर ते दोन आधार नव्हेत. बदलू शकणाऱ्या माहितीपुढे वर्ष लिहावे. प्रश्न काढणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने प्रश्न वाचून त्याची आणखी उत्तरे संभवतात काय हे पाहावे. संभवत असल्यास प्रश्नाचे शब्द बदलावेत. आणि हरकत घेण्याची रीतसर सोय ठेवून, शंका निघाल्यास निकाल राखून ठेवावा. यासाठी फार तर एका संध्याकाळचे श्रम पडतील.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, चूक ध्यानी आल्यावर ती त्याच व्यासपीठावरून कबूल करण्याचे धैर्य हवे. त्याने संयोजकांची प्रतिष्ठा उणावत नाही, उलट वाढते. अभ्यास करून बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीच्या मनावर त्या दिवशी ठसले ते एवढेच, की सत्यापेक्षा मोठ्यांच्या हातातील कागद थोर. हा धडा तिने घेऊ नये असे वाटत असेल, तर संयोजकांनी तिच्या शाळेला दोन ओळींचे पत्र धाडावे आणि तिचा गुण तिला परत द्यावा.