अवघे तीनशे चाळीस ग्रॅम

बालरोगतज्ज्ञाच्या कानांवर 'जुलाब' हा शब्द जितक्या वेळा पडतो, तितका दुसरा क्वचितच पडत असेल. पस्तीस वर्षांच्या व्यवसायात असंख्य मातांना मी एकच गोष्ट सांगत आलो : बाळाला पाणी पाजत राहा, ऊब द्या, अंगावरचे दूध थांबवू नका आणि स्वतःच्या मनाने औषध देऊ नका. हे सारे मुखोद्गत असलेला हा डॉक्टर गतवर्षीच्या श्रावणात स्वतःच्या घरातच सपशेल अनुत्तीर्ण झाला. परीक्षा घेतली ती मांजरीच्या एका पिल्लाने. स्मरणिकेच्या निमित्ताने ती हकीकत आपणांपुढे ठेवीत आहे. तीत थोडे वैद्यकशास्त्र आहे आणि थोडा कबुलीजबाबही.

आमचे घर पलासियाच्या एका आतल्या गल्लीत आहे. छप्पन दुकानची गर्दी आणि आग्रा-मुंबई रस्त्यावरील वाहनांचा घोष तेथे थोडा मवाळ होऊनच पोहोचतो. पावसाच्या झडीत एके सकाळी जिन्याखालच्या अडगळीतून क्षीण आवाज येऊ लागला. नातीने वाकून पाहिले, तर एक काळे आणि एक पिवळसर अशी दोन पिल्ले परस्परांना बिलगून बसलेली. मांजरी भक्ष्याच्या शोधात गेली असेल, म्हणून आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. तेवढ्यात समोरच्या इमारतीचा चौकीदार सांगून गेला, "साहब, वो बिल्ली तो कल रात गाड़ी के नीचे आ गई." मग मात्र पिल्ले घरात आणणे क्रमप्राप्त झाले.

सौ.ने बशीत कोमट दूध आणले. दोघेही अधाशासारखी प्यायली आणि नातीने टाळ्या पिटल्या. सायंकाळपर्यंत दोघांनाही पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. मी मनाशी म्हटले, दूध जड पडले असेल, पाणी घालून देऊ. एखाद्या आईने मला असे सांगितले असते, तर मी तिला चार शब्द सुनावले असते! टोपलीत जुने फडके अंथरून पिल्लांना पातळ दूध पाजले आणि निश्चिंत मनाने झोपी गेलो.

पहाटे पाहिले तो काळे पिल्लू गेलेले होते. हाताला थंडगार लागले. दुसऱ्याची मान खाली पडलेली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मधूनच ते कण्हल्यासारखा आवाज करीत होते. पोट दुखत असावे, या समजुतीने मी कपाटातून पॅरासिटामॉलचे थेंब काढले आणि मनातल्या मनात मात्रेचा हिशेब करू लागलो. सौ. दारातूनच म्हणाली, "अहो, एकदा कुणाला विचारून तरी द्या. काल न विचारताच दूध पाजलं ना आपण?" वाक्य झोंबले; पण बाटली खाली ठेवली. त्या एका वाक्याने पिल्लाचा जीव वाचला, हे मला तासाभराने कळले.

जवळच्याच पशुचिकित्सालयातील डॉक्टर तरुण होती. महूच्या, १९५५ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेली. तिने पिल्लू प्रथम काट्यावर ठेवले : ३४० ग्रॅम. पुढचे बारीक दात नुकतेच आलेले, म्हणजे वय साधारण चार आठवडे. तापमान ९४ अंश फॅरनहाइट. या वयाच्या निरोगी पिल्लाचे १०० ते १०२ असावयास हवे. मी सवयीने पिल्लाच्या कातडीची चिमटी घेऊ लागलो, तेव्हा ती म्हणाली, "काका, एवढ्या लहान पिल्लात चिमटीवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. हिरड्या बघा." हिरड्या कोरड्या आणि चिकट होत्या.

मी पॅरासिटामॉलचा विषय काढताच तिचा चेहरा गंभीर झाला. "दिलं नाहीत ना?" मी नकारार्थी मान हलवली. मग तिने सांगितलेले येथे जमलेल्या सर्व डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे असे आहे. आपले यकृत ज्या ग्लुकुरोनिडेशनच्या प्रक्रियेने पॅरासिटामॉलचा बराचसा भाग निरुपद्रवी करते, ती प्रक्रिया मार्जारकुळात अत्यंत दुर्बल असते. त्यामुळे औषधाचे विषारी रूपांतर होऊन रक्तातील तांबड्या पेशींवर आघात होतो, मेथिमोग्लोबिन वाढते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता ढासळते. मुलांना आपण सहज देतो ते थेंब मांजराचा प्राण घेऊ शकतात.

ऐकताना मला विद्यार्थिदशेतील एक धडा आठवला. नवजात अर्भकांना क्लोरॅम्फेनिकॉल दिल्यावर ती राखाडी पडून दगावत. १९५९ साली त्याची मीमांसा प्रसिद्ध झाली, आणि मूळ कारण निघाले यकृतातील याच प्रक्रियेची अपरिपक्वता. 'मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे' हे बालरोगशास्त्राचे आद्य सूत्र त्या दुर्घटनेने आम्हांला कायमचे शिकविले. मी हे बोलून दाखविताच ती हसून म्हणाली, "मग काका, मांजर म्हणजे लहान आकाराचं मूल नव्हे, एवढंच त्याला जोडा."

तिने उपचारांचा जो क्रम लावला, तो पाहण्यासारखा होता. मला घाई पाजण्याची. तिने आधी ऊब दिली. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पिल्लाला हळूहळू उष्णता दिली. थंड पडलेल्या पिल्लाची आतडी मंदावतात, त्या अवस्थेत पोटात गेलेले अन्न पचत नाही आणि उलटून श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. म्हणजे रात्री माझ्या दुधाने पहिल्या पिल्लाचे हाल वाढविलेच असणार. शरीर उबदार झाल्यावर तिने हिरड्यांना थोडे ग्लुकोज चोळले आणि खांद्यामागच्या सैल कातडीखाली कोमट सलाईन सोडले. त्वचेखालून द्रव देण्याची ही रीत पूर्वी बालकांतही वापरली जाई. आम्ही ती जुन्या पुस्तकांत वाचून विसरलो, पशुवैद्यकाने जपली.

मी मनाशी हिशेब केला. ३४० ग्रॅमच्या जीवाच्या अंगातून ३४ मिलिलिटर पाणी गेले, की वजनाचा दहावा हिस्सा गेला. ३४ मिलिलिटर म्हणजे चहाचे सात चमचेदेखील नव्हेत! आम्ही 'सकाळपर्यंत पाहू' असे म्हणतो, त्या एका रात्रीत एवढे पाणी सहज निघून जाते.

घरी द्यावयाच्या सूचनांत जलसंजीवनी होती, आणि मला डॉ. दिलीप महालनबीस यांचे स्मरण झाले. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा सलाईनचा साठा संपत आला असता बनगावच्या छावणीत त्यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती सोपविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. २०२२ मध्ये ते निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण घोषित झाले. त्यांची पुण्याई आमच्या टोपलीपर्यंत पोहोचली होती. फरक इतकाच, की येथे पेला नव्हता. सुई काढलेल्या सिरिंजमधून, पिल्लाला पोटावर बसवून, गालाच्या कडेने एकेक थेंब द्यावयाचा. उताणे धरून पाजले, तर तेच पाणी फुप्फुसात जाते.

शौच तपासणीत गोलकृमींची अंडी सापडली. मातेच्या दुधातूनही हे जंत पिल्लांत येतात. वजनानुसार कृमिनाशक दिले, प्रतिजैविक मात्र दिले नाही. जुलाब थांबविणाऱ्या गोळीचे मी नाव घेताच तिने मान हलवली. गायीचे दूध बंद झाले. त्यातील दुग्धशर्करा पिल्लांना सोसत नाही आणि मांजरीच्या दुधाच्या मानाने त्यात प्रथिने व स्निग्धांशही कमी असतात. त्याऐवजी पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी, आधी पातळ, दर दोन-तीन तासांनी थोडी थोडी. पुढे त्यातच पिल्लांचे मऊ अन्न कालवावयाचे होते. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी आहे, हे सत्य आमच्या शाकाहारी स्वयंपाकघराने अंगणात वेगळे भांडे ठेवून स्वीकारले. नातीला एकच नियम होता : पिल्लाला हात लावला, की साबणाने हात धुवावयाचे, कारण हे जंत मुलांनाही बाधतात.

मी जुन्या सवयीने वाढीचा तक्ता आखला. रोज सकाळी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन. पहिल्या दिवशी ३४०, दुसऱ्या दिवशी ३३२. त्या आठ ग्रॅमांनी माझी झोप उडविली. रात्री दोन वाजता सौ. आणि मी आळीपाळीने उठत होतो, जणू घरात तान्हे बाळ आले आहे. तिसऱ्या दिवशी ३३८, चौथ्या दिवशी ३५१. त्या दिवशी शौच घट्ट झाले, आणि ही वार्ता मी नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने जाहीर केली. कुणालाही त्यात वावगे वाटले नाही!

आज ती मांजर आमच्या ओसरीची मालकीण आहे. लसी वेळेवर झाल्या, नसबंदीही झाली. नातीने तिचे नाव 'ग्रॅम' ठेवले आहे. काळ्या पिल्लाला आम्ही बागेत पुरले, तेथे तिनेच सदाफुली लावली. "आजोबा, त्याला आपण आधी का नाही नेलं?" असे तिने एकदा विचारले. मी म्हटले, "मला वाटलं, मला येतं."

मी अजूनही सकाळी दोन तास दवाखान्यात बसतो. तीन दिवस जुलाब झालेले, डोळे खोल गेलेले मूल घेऊन एखादी आई येते. पूर्वी माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "इतके दिवस काय करत होतात?" तो प्रश्न मी आता विचारीत नाही. तिने जे केले, ते तिला येत होते म्हणूनच केले, हे मला ठाऊक आहे. मी मुलाला तपासतो, जलसंजीवनीचे पाकीट उघडतो आणि पहिला चमचा तिच्याच हातून पाजवतो.